घरापुढची मोकळी जागा : मालकी आपली, नियम कोणाचे?

मुक्ताईनगर व आसपासच्या गावांत गेल्या काही वर्षांत बऱ्याच शेतजमिनी बिनशेती होऊन त्यांवर प्लॉट पडले. आपल्यातील अनेक व्यापारी व कारागीर बांधवांनी जुन्या गल्लीतील दाटीतून निघून अशा प्लॉटवर घर बांधले. घर उभे राहिले की पुढच्या मोकळ्या जागेचा विषय निघतो. शिलाईवाला म्हणतो, पत्रा टाकून दोन मशीन बसवू. फर्निचरवाला तेथे लाकूड रचतो. कोणी लिंब लावतो, कोणी लॉन करतो. मग शेजारी हरकत घेतो आणि वाद सुरू होतो. म्हणून या जागेवर नेमका कोणाचा नियम चालतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पहिला नियम मंजूर नकाशाचा. घराच्या पुढे, मागे व बाजूला जी जागा रिकामी सोडावी लागते तिला सामासिक अंतर म्हणतात. बोलण्यात आपण तिला मार्जिन म्हणतो. मुंबई व काही ठरावीक क्षेत्रे सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. पुढे किती जागा सोडायची, हे त्या नियमावलीप्रमाणे रस्त्याची रुंदी, प्लॉटचा आकार व बांधकामाचा उपयोग पाहून ठरते. ही जागा सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतात आपलीच असते, तिचा कर आपणच भरतो. पण तिच्यावर छत टाकण्याची मुभा आपल्याला नसते. हवा, उजेड, पावसाचे पाणी आणि वेळ पडल्यास आगीचा बंब यांच्यासाठी ती राखलेली असते. झाडे, कुंड्या, पायऱ्या, बसण्याचा बाक यांना सहसा अडचण येत नाही. पत्र्याचे शेड, गोदाम किंवा दुकानाचा गाळा मात्र विनापरवाना बांधकाम ठरतो. पुढची कंपाउंड भिंतही मनाला येईल तेवढी उंच करता येत नाही. साधारण नियम रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरचा आहे. त्याहून उंच हवी असेल तर वरचा भाग जाळीचा, म्हणजे आरपार दिसणारा ठेवावा लागतो. कोपऱ्याच्या प्लॉटवर वळणारे वाहन दिसावे म्हणून भिंत आणखी बुटकी ठेवावी लागते.

दुसरा नियम सोसायटीचा. येथे आपल्या लोकांची मोठी गफलत होते. प्रत्येक कॉलनी ही सोसायटी नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली जिची नोंदणी झाली आहे, तीच सोसायटी. तिचे उपविधी निबंधकाकडे नोंदलेले असतात. दर्शनी भागात बदल करणे, सामाईक जागा अडवणे, ज्वालाग्राही माल साठवणे यांबाबत त्या उपविधीत बंधने असतात. कापूस, चिंध्या, फोम, थिनर, पॉलिश यांचे काम करणाऱ्यांनी शेवटचे बंधन दोनदा वाचावे. पण सोसायटीचे अधिकारही मोजकेच आहेत. अध्यक्षांच्या मनात आले म्हणून नियम होत नाही. उपविधीतील बदल सर्वसाधारण सभेत मंजूर होऊन निबंधकाकडे नोंदला गेल्याशिवाय लागू होत नाही. उपविधी पाहण्याचा व फी भरून नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. सोसायटी व सभासद यांच्यातील वादासाठी सहकार न्यायालय आहे. जेथे नोंदणीकृत सोसायटी नाही, फक्त कॉलनीतील मंडळ आहे, तेथे त्या मंडळाने अंगणातील शेवग्यासाठी दंड मागितला तर तो देणे बंधनकारक नाही. तेथे शेजारधर्माने बोलून प्रश्न सोडवावा. त्याच मंडळाने नगरपंचायतीकडे शेडची तक्रार केली, तर ती मात्र गंभीरपणे घ्यावी.

तिसरा नियम झाडाचा. शहरी भागात १९७५ पासून झाडे जतनाचा कायदा आहे. आपल्या अंगणात, आपण लावलेले व आपल्या पाण्यावर वाढलेले झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. जाळणे किंवा इजा करून वाळवणे हेही तोडण्यातच धरले जाते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना खास संरक्षण मिळाले. म्हणून लावतानाच विचार करावा. वड, पिंपळ भिंतीजवळ लावून पुढे पस्तावण्यापेक्षा लिंबू, मेंदी, मोगरा, डाळिंब बरे. जागा मोठी असेल तर कडुलिंब लावावा. खानदेशच्या उन्हात त्याच्यासारखी सावली नाही.

कॉलनीतील ओपन स्पेसचेही लक्षात ठेवावे. ०.४ हेक्टर किंवा अधिक जमिनीचा लेआउट असेल तर त्यातील दहा टक्के जागा सर्वांसाठी मोकळी ठेवावी लागते. ती आपल्या घरासमोर आली म्हणून आपली होत नाही. तिला तारेचे कुंपण घालून बाग केली, तरी ते अतिक्रमणच.

हा प्रश्न काही फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत अनेक वसाहतींत घरमालकांच्या संघटना असतात. गवताची उंची, झाडाची जात, कुंपणाचा रंग इथपर्यंत त्यांचे नियम चालतात. न पाळणाऱ्याला दंड होतो आणि थकबाकीपोटी घरावर बोजाही चढू शकतो. परंतु दुष्काळ पडला तेव्हा तेथेही सरकारला मध्ये यावे लागले. टेक्सास राज्याने २०१३ मध्ये कायदा करून कमी पाण्यावरच्या बागेला सरसकट मनाई करण्यास अशा संघटनांना रोखले. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये, जाहीर दुष्काळात लॉनला पाणी दिले नाही म्हणून दंड करण्यास बंदी घातली. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघर टँकर येत असताना हिरव्यागार लॉनचा हट्ट धरणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. नियम असावा, पण तो पाणी व माणूस पाहून असावा.

आम्ही स्वतः ही चूक केलेली आहे. कापडाच्या गाठी ठेवण्यास जागा कमी पडली, म्हणून घरापुढच्या मार्जिनमध्ये अँगल रोवून पत्रे टाकले. परवानगी विचारली नाही, कारण जागा आमचीच होती. पहिल्याच पावसात पत्र्याचे पाणी शेजाऱ्याच्या ओट्यावर पडले. तक्रार झाली, नोटीस आली. आम्ही काही दिवस ओळखीपाळखी शोधण्यात घालवले आणि शेवटी शेड स्वतःच्या खर्चाने उतरवले. पत्रे, अँगल, मजुरी सारे वाया गेले आणि भिजलेला माल पडत्या भावात विकावा लागला. तेवढ्या पैशांत बाजारात रीतसर गोदाम भाड्याने मिळाले असते. पैशापेक्षा जास्त बोच ही, की शेजाऱ्याशी जुना सलाम-दुआ तुटला आणि तो जोडायला फार दिवस लागले.

तेव्हा बांधवांनो, प्लॉट घेण्यापूर्वी बिनशेती आदेश, मंजूर लेआउट व मार्जिनची मापे डोळ्यांनी पाहा. सोसायटी असल्यास तिचा नोंदणी क्रमांक व उपविधी मागून घ्या. घरात धंदा करायचा असेल तर त्या कामाला तेथे मुभा आहे का, हे नगरपंचायतीला अर्ज देऊन लेखी विचारा. तोंडी होकारावर भांडवल गुंतवू नका. नोटीस आली तर ती फाडून टाकू नका. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. पोच सांभाळून ठेवा. शेजाऱ्यावरही तोच नियम लावला जात आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण त्याने मोडला म्हणून आपणही मोडावा, हा बचाव कोठेही चालत नाही.

वाटेतील त्रासदायक वस्तू बाजूला करणे आणि झाड लावणे, या दोन्ही गोष्टी आपल्या दीनने सदक्यात धरल्या आहेत. शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरापुढची मोकळी जागा ही जणू आपल्याजवळची अमानत आहे. तिच्यात सावली वाढवा, माल वाढवू नका.