रोग्याचं म्हणणं

पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात, ओकापाच्या आसपास, फोरे लोकांच्या वस्त्या आहेत. 1950च्या दशकात या वस्त्यांतल्या बायका एका विचित्र दुखण्याने भराभर मरत होत्या. आधी चालताना तोल जायचा, मग हातपाय थरथरायला लागायचे, पुढे आधाराशिवाय बसवतही नसे. सहसा वर्षभरात सगळं संपायचं. फोरे लोक त्याला ‘कुरू’ म्हणत. 1957 मध्ये व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुसेक या डॉक्टरांनी हा रोग वैद्यकीय जगापुढे आणला. नेहमीच्या तपासण्यांत जंतूचा माग लागेना. रोगी मुख्यतः बायका आणि मुलं. प्रौढ पुरुष फार थोडे. एकाच घराण्यात मरणामागून मरण दिसत होतं, म्हणून रोग आनुवंशिक असावा याकडे तज्ज्ञांचा कल झुकला.

फोरे लोकांच्या मते ही करणी होती. शत्रू आपले केस, नखं, उष्टं असं काहीतरी चोरतो, मंत्र म्हणत पानांत गुंडाळतो आणि ओल्या चिखलात पुरतो. पुरचुंडी कुजत जाते तसतसा माणूस थरथरत जातो. म्हणून लोक आपली नखं-केसदेखील कुणाच्या हाती लागू देत नसत.

1961 मध्ये शर्ली लिंडेनबाउम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ तिथे राहायला गेले. त्यांचं काम विचारण्याचं होतं. कोण कुणाची बहीण, कोण कशाने गेलं, कुरू कुठल्या वस्तीत पहिल्यांदा कधी दिसला, मयताला कोण जमलं आणि तिथे काय झालं, हे ते घरोघरी विचारत होते. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे, म्हाताऱ्या माणसांना कुरू नसलेले दिवस आठवत होते. रोग कुठून कुठे सरकत आला हे ते वस्त्यांची नावं घेऊन सांगत होते. रोग जेमतेम काही दशकांचा निघाला, आणि इतका जीवघेणा आनुवंशिक दोष एवढ्या थोड्या काळात एवढा पसरणं शक्य नव्हतं. दुसरी गोष्ट अंत्यविधीची. मेलेल्या आप्ताचं शरीर मायेपोटी खाण्याची रीत तिथे होती. त्यात बायका आणि त्यांच्याबरोबरची लहान मुलं असत; प्रौढ पुरुष बहुतेक लांब राहत.

म्हणजे रोग या रीतीतून पसरत असावा. तो लागट आहे हे पुढे प्रयोगशाळेने सिद्ध केलं. कुरूने दगावलेल्यांच्या मेंदूचा अंश टोचलेल्या चिंपांझींना तसाच रोग झाल्याचं 1966 मध्ये जाहीर झालं. 1976 मध्ये गायडुसेक यांना नोबेल मिळालं. आज या रोगाचं कारण प्रिऑन नावाची बिघडलेली प्रथिनं मानली जातात. ती रीत ऑस्ट्रेलियन प्रशासनाच्या काळात बंद झाली आणि त्यानंतर जन्मलेल्यांत कुरू दिसला नाही. वंशावळी गोळा करणाऱ्या लिंडेनबाउम यांचं नाव मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही, हे खटकतं.

लिंडेनबाउम यांनी करणीची समजूतही मोडीत काढली नाही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला फोरे पुरुष मोठ्या सभा भरवत आणि करणी करणाऱ्यांना जाहीर विनवणी करत, की आता थांबा, आमच्या बायका संपत चालल्या आहेत. आईविना राहिलेल्या पोरांना बाप सांभाळत होते. रोगाने समाजाचं काय केलं, हे या सभांइतकं स्पष्ट कुठल्याही रक्ततपासणीत दिसलं नसतं.

वैद्यकीय मानवशास्त्र ही ज्ञानशाखा अशा कामातून उभी राहिली. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तिला दवाखान्यात आणलं. तुमच्या मते हे कशामुळे झालं, तेव्हाच का सुरू झालं, याची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, असे प्रश्न डॉक्टरने रोग्याला विचारावेत, असा त्यांचा आग्रह होता.

पण समजुतींवर एवढा भर दिला की एक धोकाही येतो: रोगी औषध सोडतो ते अंधश्रद्धेमुळे, असं म्हणून मोकळं होता येतं. डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ असलेल्या पॉल फार्मर यांनी हैतीतल्या कांज गावाभोवती हे तपासून पाहिलं. क्षयाच्या एका गटाला औषधं मोफत दिली. दुसऱ्या गटाला औषधांबरोबर खाण्यापिण्यासाठी मदत आणि आरोग्यसेवकांच्या नियमित घरभेटी. दुसऱ्या गटातले सगळे बरे झाले, पहिल्यातले जेमतेम निम्मे. क्षय करणीने होतो असं मानणारे रोगी दोन्हीकडे होते आणि त्याने निकालात फरक पडला नाही. फरक पडला तो पोटात अन्न आहे की नाही आणि घरी कुणी विचारपूस करायला येतं की नाही याचा.

पण लोकांच्या रीती साफ डावलूनही चालत नाही. पश्चिम आफ्रिकेत 2014 मध्ये इबोला पसरला तेव्हा मृतदेहातून लागण होत होती, म्हणून संरक्षक पोशाखातली पथकं येऊन प्रेतं नेऊ लागली. घरच्यांना अंघोळ घालता येईना, तोंड पाहता येईना. लोक रोगी लपवायला लागले. काही ठिकाणी पथकांवर हल्ले झाले. गिनीतल्या एका वस्तीत गरोदर बाई दगावली. तिथल्या रीतीप्रमाणे पोटातला गर्भ वेगळा केल्याशिवाय तिला पुरता येत नव्हतं, आणि तशी शस्त्रक्रिया कमालीची धोक्याची होती. मानवशास्त्रज्ञ जुलिएन अनोको यांनी जाणत्या माणसांशी बोलून दोषनिवारणाचा वेगळा विधी शोधला, त्याचा खर्च जागतिक आरोग्य संघटनेने केला आणि दफन सुरक्षितपणे पार पडलं.

लोकांना न विचारता उपाय लादले की काय होतं, हे पुण्याने 1897च्या प्लेगमध्ये भोगलं. सोल्जर स्वयंपाकघरात, देवघरात शिरले, बायकांची तपासणी झाली, माणसं छावण्यांत हलवली गेली. प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याचा वध आपण स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात वाचतो. साथ हाताळणाऱ्यांनी तो आरोग्यखात्याचा धडा म्हणूनही वाचायला हवा.

महाराष्ट्रात या दृष्टीचं सर्वांत ठळक काम गडचिरोलीत झालं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बाई जावेला सांगते, पुरुष डॉक्टरला सांगत नाही. त्या काळी सरकारी कार्यक्रमांचं लक्ष बाळंतपण आणि कुटुंबनियोजनावर होतं, त्यामुळे हे दुखणं कुठल्याच नोंदीत नव्हतं.

बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दवाखाना बांधतानाही आदिवासींना आधी विचारलं. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातेवाइकांना सोबत राहता यायला हवं, असं लोकांनी सांगितलं. म्हणून संस्थेच्या शोधग्राम या वसाहतीत झोपड्यांसारखे वॉर्ड झाले आणि दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. हाच नमुना 2011 पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या फेऱ्या मारते, वजन घेते, फॉर्म भरते. आजी काय म्हणते, सुईण काय सांगून गेली, मांत्रिकाकडे आधी का नेलं, हेही तिला ठाऊक असतं. तालुक्याच्या बैठकीत फॉर्मांबरोबर हेही तिच्याकडून ऐकून घ्यायची सोय व्हायला हवी, आणि त्या वेळेचा मोबदलाही तिला मिळायला हवा.