पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे काम
लेखमाला : नवा चेहरा, भाग ६

दात्याचा चेहरा रुग्णाच्या कवटीवर कसा बसवतात आणि केसाएवढ्या जाडीचे टाके घालून रक्तवाहिन्या कशा जोडतात, हे गेल्या आठवड्यात पाहिले. वर्तमानपत्रांतली बातमी बहुधा तिथेच संपते. शस्त्रक्रिया किती तास चालली, किती डॉक्टर राबले, हे छापून येते आणि वाचकाची समजूत होते की काम पुरे झाले. प्रत्यक्षात पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत रुग्ण पुन्हा भुलीखाली जातो, बहुतेकदा एकाहून अधिक वेळा. या नंतरच्या शस्त्रक्रियांविषयी दोन समज आढळतात. काहींना त्या आधीच्या कामातल्या चुकांची दुरुस्ती वाटतात, तर काहींना रूप खुलवण्याची हौस. माझ्या मते दोन्ही समज चुकीचे आहेत. या शस्त्रक्रिया म्हणजे प्रत्यारोपणाचाच उरलेला भाग होय. म्हणून रुग्णाची संमती, खर्चाची तरतूद आणि यशाचा हिशेब या तिन्हींमध्ये त्या पहिल्या दिवसापासून धरल्या गेल्या पाहिजेत.

सगळे एकदाच का उरकता येत नाही, याचे उत्तर चेतातंतूंच्या गतीत आहे. जोडलेला चेतातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. स्पर्शाची जाणीव काही महिन्यांत परतू लागते, पण ओठ मिटणे, गाल वर उचलणे अशा हालचालींना वर्ष-दीड वर्षही लागते. तोवर स्नायू सैल असतात, त्यामुळे त्वचा ओघळते. सूज ओसरल्याशिवाय चेहऱ्याची खरी ठेवणही दिसत नाही. अशा स्थितीत त्वचा नेमकी बेतून कापली आणि पुढे ती आक्रसली किंवा स्नायू जागे झाल्यावर ओढ बदलली, तर कमी पडलेली त्वचा आणायची कुठून? दाता तर एकच असतो. म्हणून सर्जन सुरुवातीला हात राखून कापतात. अमेरिकेतील पहिले चेहरा प्रत्यारोपण डिसेंबर २००८ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मारिया सिमिओनोव्ह यांच्या पथकाने केले. रुग्ण होत्या कॉनी कल्प, आणि त्यांचा सुमारे ८० टक्के चेहरा बदलला होता. मे २००९ मध्ये त्या लोकांसमोर आल्या तेव्हा चेहरा फुगलेला आणि चौकोनी दिसत होता, त्वचेच्या घड्या लोंबत होत्या. रक्तपुरवठा सुधारेल, चेतातंतू वाढतील, तशा त्या घड्या कमी करायच्या, असे डॉक्टरांनी आधीच ठरवले होते आणि पुढे तसे केलेही. ज्या गोष्टीचा बेत पहिल्या शस्त्रक्रियेतच आखलेला असतो, तिला चूक कसे म्हणता येईल?

हौशीचा आक्षेप तपासायचा तर या शस्त्रक्रिया कशासाठी होतात ते पाहावे. खालची पापणी बाहेर वळलेली राहिली किंवा डोळा पुरता मिटला नाही, तर बुबुळावरचे पारदर्शक पटल कोरडे पडते, त्यावर जखमा होतात आणि अखेर दृष्टी जाऊ शकते. अशा वेळी पापणी आवळून तिला आधार देणे म्हणजे डोळा वाचवणे. अनेक रुग्णांना वरचा जबडा दात्याचा मिळतो आणि खालचा स्वतःचाच असतो. हाडे जुळून आल्यावर दातांची वरची आणि खालची रांग एकमेकींवर बसत नसेल, तर घास चावता येत नाही आणि उच्चारही बिघडतात. मग जबड्याचे हाड पुन्हा कापून योग्य जागी बसवावे लागते. टाळूला छिद्र राहिले तर पाणी नाकात येते. लाळग्रंथीतून झिरपणारी लाळ त्वचेखाली साठते. ओठ जड होऊन लोंबला तर तोंडात घेतलेला घोट बाहेर सांडतो. या यादीतले बहुतेक काम खाणे, बोलणे, पाहणे आणि श्वास घेणे यांसाठीच आहे. राहिले व्रण पुसट करणे आणि त्वचा ताणून बसवणे. चारचौघांत वावरता यावे म्हणूनच तर रुग्णाने एवढा मोठा धोका पत्करलेला असतो. त्याच उद्देशाचा शेवटचा टप्पा चैन ठरवणे न्यायाचे होणार नाही.

टप्प्याटप्प्याने चेहरा घडवण्याची ही रीत नवीही नाही, आणि तिचा एक प्रसिद्ध दाखला पुण्याचा आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या गाडीवानाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापून आले. इंग्रज फौजेत काम करणारा हा माणूस टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला होता आणि त्याचे नाक कापले गेले होते. पुण्याजवळ एका देशी वैद्याने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक केले. मेणाच्या पातळ पत्र्यावर माप घेऊन ते कपाळावर आखले आणि त्वचा जगावी म्हणून भुवयांमधला एक पट्टा जोडलेलाच ठेवला. त्या वर्णनात पुढे असेही आहे की साधारण पंचविसाव्या दिवशी हा पट्टा कापतात आणि नाकाला नीट आकार यावा म्हणून आणखी थोडी काटछाट करतात. त्या वैद्याला जोडलेल्या त्वचेतील रक्तप्रवाहाची वाट पाहावी लागली, आजच्या सर्जनला चेतातंतूंची पाहावी लागते. वाट पाहून पुन्हा हात घालणे हा दोन्हीकडे उपचाराचाच भाग आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. परका चेहरा शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाला रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यामुळे प्रत्येक नव्या जखमेत जंतुसंसर्गाची भीती वाढते. स्टिरॉइड आणि सिरोलिमससारख्या औषधांनी जखम भरून यायला वेळ लागतो. संपूर्ण चेहऱ्याचा जीव मोजक्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असतो, आणि त्या आता व्रणांच्या जाळ्यात दडलेल्या असतात. बदललेल्या जबड्यामुळे भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणेही कठीण जाऊ शकते. पण या आक्षेपातून शस्त्रक्रिया टाळा, असा निष्कर्ष निघत नाही. ती योग्य वेळी आणि पूर्वतयारीने करा, असा निघतो. नाकारण्याची लक्षणे शांत असावीत, औषधे गरजेनुसार आधी बदलावीत, आणि जमतील तितकी कामे एकाच भुलीत उरकावीत. न मिटणाऱ्या डोळ्याला काही न करणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत दृष्टीने मोजावी लागते.

अर्थात सुऱ्याला मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००५ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथे जगातील पहिले अंशतः चेहरा प्रत्यारोपण झालेल्या इझाबेल दिनोआर यांच्या ओठांची हालचाल शरीराने चेहरा नाकारू लागल्यावर पुढे काही अंशी गेली, आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. जेरोम आमों यांचा २०१० मध्ये मिळालेला चेहरा अखेर काढावा लागला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोराँ लांतिएरी यांच्या पथकाने त्यांना पॅरिसमध्ये दुसरा चेहरा बसवला. चिवटपणे चालू राहिलेले नाकारणे त्वचा ताणून थांबत नाही. म्हणूनच ओघळलेला गाल सैल स्नायूमुळे ओघळला आहे की ऊती आतून खराब होत आहेत, हे आधी तपासावे लागते. ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात २०२४ साली ११ देशांतील ५० प्रत्यारोपणांचा आढावा प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ७४ टक्के चेहरे टिकून होते. हे आकडे आशा वाढवणारे आहेत. मात्र चेहरा टिकला एवढेच त्यातून कळते. डोळा मिटतो का, घास चावता येतो का, हे टिकण्याच्या टक्केवारीत मावत नाही.

इथे पैशांचा प्रश्न येतो. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाला चेहरा प्रत्यारोपणांसाठी ३४ लाख डॉलर दिले. तिथली सुरुवातीची प्रत्यारोपणे अशा संशोधन निधीवर उभी राहिली. संशोधन निधीला मुदत असते, रुग्णाच्या गरजेला नसते. पाचव्या वर्षी पापणी सैल पडली तर तिचा खर्च कोणी करायचा, हे पहिल्या वर्षीच ठरलेले असले पाहिजे. आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. कोचीत २०१५ पासून आणि मुंबईत २०२० पासून हातांची प्रत्यारोपणे झाली आहेत. हातही त्वचा, स्नायू, हाड आणि चेतातंतू यांचा एकत्र अवयव आहे. तिथेही चिकटलेले स्नायुबंध नंतर मोकळे करण्याची वेळ येऊ शकते. म्हणून संमतिपत्रात संभाव्य पुढच्या शस्त्रक्रिया नावानिशी लिहाव्यात, त्यांचा निधी वेगळा राखावा, आणि निकाल जाहीर करताना कोणती हालचाल परत आली तेही सांगावे. एवढे झाले तर रुग्णाला दुसऱ्यांदा भुलीखाली जाताना आपले काही बिघडले, असे वाटणार नाही. ठरलेला पुढचा टप्पा आला, एवढेच तो समजेल.

पुढच्या आठवड्यात : आयुष्यभराची औषधे आणि त्यांची शरीराला पडणारी किंमत.