बी-फिफ्टीटूज, द

बी-फिफ्टीटूज, द : अमेरिकन न्यू वेव्ह संगीतसमूह. स्थापना जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे १९७६ मध्ये. फ्रेड श्नायडर, केट पिअर्सन, सिंडी विल्सन, तिचा बंधू रिकी विल्सन व कीथ स्ट्रिकलंड हे मूळ सदस्य. उंच, फुगीर केशरचनेच्या एका प्रकारावरून समूहाचे नाव पडले. पहिला कार्यक्रम १४ फेब्रुवारी १९७७ रोजी मित्राच्या घरच्या मेजवानीत झाला.

पंक संगीताची साधी, वेगवान बांधणी राखून तीत नृत्याचा ठेका मिसळण्याची प्रवृत्ती न्यू वेव्हमध्ये दिसते. या समूहाने तीत विनोदाची भर घातली. ‘रॉक लॉब्स्टर’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७८ मध्ये निघाली. द बी-फिफ्टीटूज (१९७९) हा पहिला गीतसंग्रह क्रिस ब्लॅकवेल यांच्या निर्मितीखाली बहामातील नॅसॉ येथे ध्वनिमुद्रित झाला. रिकी गिटारच्या मधल्या तारा काढून उरलेल्या निराळ्या स्वरांत लावीत असे. त्यामुळे वादन विरळ पण ठसठशीत होई व श्नायडर यांचे गद्यवजा पठण आणि दोन्ही गायिकांचे सहगायन स्पष्ट उठून दिसे. वाइल्ड प्लॅनेट (१९८०) मध्येही हीच शैली आढळते.

१२ ऑक्टोबर १९८५ रोजी रिकी एड्सजन्य आजाराने वयाच्या ३२व्या वर्षी निवर्तला. बाउन्सिंग ऑफ द सॅटेलाइट्स (१९८६) हा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पुढे ड्रमवादक स्ट्रिकलंड यांनी गिटार हाती घेतली आणि कॉस्मिक थिंग (१९८९) सिद्ध झाला. त्यातील ‘लव्ह शॅक’ व ‘रोम’ ही गीते अमेरिकेच्या बिलबोर्ड सूचीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. मेजवानीचे संगीत म्हणून गणल्या गेलेल्या या ध्वनिमुद्रणांमागे असा वियोगाचा इतिहास आहे.