लोलकातला हरवलेला पारवा

एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चं कव्हर समोर ठेवून या वाचकाने लोलकातून निघणारे रंग शाळेतल्या 'तानापिहिनिपाजा'च्या चालीवर मोजले. सहाच भरले. पारवा कुठे गेला?

मोजणी बरोबर आहे. मार्च १९७३ मध्ये आलेल्या या रेकॉर्डवर तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा एवढेच पट्टे आहेत. 'हिप्नोसिस' या लंडनच्या स्टुडिओतल्या स्टॉर्म थॉर्गरसनला छायाचित्रणावरच्या एका पुस्तकात लोलकाचं चित्र सापडलं होतं. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटला साधं आणि ठसठशीत काहीतरी हवं होतं. सात आराखडे समोर मांडले गेले आणि बँडच्या चौघांनीही लोलकावरच बोट ठेवलं. प्रत्यक्ष रेखाटन जॉर्ज हार्डीचं.

काळ्याभोर चौकोनात निळ्या आणि जांभळ्याच्या मधोमध पारव्याची अरुंद पट्टी बसवून पाहावी. तिन्ही रंग एकमेकांत मिसळतात. सहा पट्टे मात्र दुकानाच्या दुसऱ्या टोकावरूनही वेगवेगळे दिसतात.

पण पारव्याची खरी गोष्ट न्यूटनपाशी आहे. वर्णपटात त्याने सुरुवातीला पाचच रंग मोजले होते. नारिंगी आणि पारवा नंतर आले, कारण रंगांचं नातं संगीताच्या सात स्वरांशी जुळावं असं त्याला वाटत होतं. म्हणजे पारव्याला वर्णपटात जागा मिळाली ती संगीतामुळे, आणि तीनशे वर्षांनी त्याची जागा गेली तीही एका संगीताच्या कव्हरवर!

लोलक या बँडला नवा नव्हता. १९६७ च्या पहिल्या अल्बमसाठी विक सिंग या छायाचित्रकाराने चौघांचे फोटो काढले, तेव्हा त्याने वापरलेलं लोलकाचं भिंग बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने दिलेलं होतं. त्या कव्हरवर एकेक चेहरा दोन-दोनदा, तीन-तीनदा उमटलेला दिसतो. १९७० मध्ये 'ॲटम हार्ट मदर'वर चेहऱ्यांच्या जागी कुरणातली एक गाय आली. बँडचं नाव नाही, अल्बमचंही नाही. आणखी तीन वर्षांनी गायही गेली. ज्यातून चेहरे पाहिले होते तो लोलकच तेवढा उरला.

या क्रमात पिंक फ्लॉइडची सगळी ओळख घडली. बीटल्सचे चौघे रस्ता ओलांडताना दिसले की जग त्यांना नावानिशी ओळखे. फ्लॉइडचे चौघे मंचावरही प्रकाशझोतांच्या आड असत, आणि कव्हरवरची किरणं त्या झोतांचीच आठवण आहे. चेहरा नसल्याचा फायदा पुढे कळला. १९८५ मध्ये चौघांतला रॉजर वॉटर्स बाहेर पडला, बँडच्या नावावरून कोर्टकज्जा झाला, तरी लोकांच्या मनातला त्रिकोण जागचा हलला नाही. 'बिलबोर्ड'च्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात या अल्बमने ७४१ आठवडे काढले. आज एकही गाणं न ऐकलेली मुलं तो त्रिकोण टी-शर्टवर मिरवतात, आणि त्यांना हटकलं तर नाव मात्र बरोबर सांगतात.

ज्यांच्या घरी जुनी एलपी आहे त्यांनी ती उघडून पाहावी. वर्णपट आतल्या पानांवर पुढे धावतो. ही कल्पना वॉटर्सची. वाटेत त्याला हृदयाच्या ठोक्याचं वळण मिळतं, कारण अल्बमची सुरुवात आणि शेवट त्याच ठोक्याने होतो. मागच्या बाजूला दुसरा लोलक सगळे रंग पुन्हा गोळा करतो. त्यामुळे दुकानदाराला कव्हरं शेजारी-शेजारी लावून प्रकाशाची अखंड रांग करता येई. जाहिरातीचा एक शब्दही न लिहिता अख्खी भिंत फ्लॉइडची होऊन जाई.