डोंगरी सायकलचा हलका द्रवचालित ब्रेक

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, टमालपाइस पर्वताच्या परिसरात, एक कच्चा रस्ता आहे. तीन किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरात तो जवळजवळ 400 मीटर खाली उतरतो. 1976 साली काही हौशी तरुणांनी जुन्या, दणकट सायकलींवरून या उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्ये असे व पायडल उलटे दाबले म्हणजे तो लागे. उतार संपेपर्यंत हबमधील वंगण तापून त्याचा धूर होई आणि पुढील फेरीपूर्वी नवे वंगण भरावे लागे. यावरूनच त्या रस्त्याला 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', हे नाव पडले.

हे वंगण का जळत असे? ब्रेक गती नष्ट करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गतीच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. स्वार व सायकल यांचे एकत्रित वस्तुमान 90 किलोग्रॅम धरल्यास 400 मीटर खाली येताना सुमारे साडेतीन लाख जूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर थंड पाणी उकळीस आणण्यास ती पुरेशी आहे. तिचा काही अंश हवेच्या व रस्त्याच्या विरोधात खर्च होतो. उरलेला ब्रेकला झेलावा लागतो.

आजच्या डोंगरी सायकलीत हबला एक पातळ पोलादी तबकडी जोडलेली असते आणि दोन घर्षणपट्ट्या तिला दोन्ही बाजूंनी दाबतात. हाताचे बळ या पट्ट्यांपर्यंत नेण्याचे काम द्रव करतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कालचा नियम येथे उपयोगी पडतो. मुठीजवळील दट्ट्याचा व्यास 10 मिलिमीटर आणि प्रत्येक पट्टीमागील दट्ट्याचा 22 मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळ, व म्हणून बळही, जवळजवळ पाचपट होते. मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. दोन्ही पट्ट्या एक मिलिमीटर सरकाव्यात यासाठी मुठीजवळील दट्ट्याला सुमारे दहा मिलिमीटर सरकावे लागते. म्हणूनच पट्ट्या तबकडीच्या अगदी लगत ठेवतात.

चढावर प्रत्येक ग्रॅम स्वारालाच वर न्यावा लागत असल्याने ब्रेक हलका असावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण वजन कोठून कमी करावे? एक ग्रॅम पोलाद एक अंशाने तापविण्यास सुमारे अर्धा जूल लागतो. ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारा आपला स्वार एकदम थांबला, तर 4,500 जूल उष्णता निर्माण होते. ती सर्व 100 ग्रॅमच्या दोन तबकड्यांत गेली, तर त्या 45 अंशांनी तापतील. तबकड्या 75 ग्रॅमच्या असतील, तर 60 अंशांनी. लांब उतारावर असे वारंवार घडते. हलकी तबकडी लवकर तापते आणि अति तापलेल्या पट्ट्यांची पकड ढिली होते.

याहून मोठा धोका द्रवाचा आहे. ग्लायकॉल-वर्गीय द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. 'डॉट 4' मानकानुसार नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषलेल्या द्रवासाठी ही मर्यादा 155 अंश आहे. द्रव उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. त्यामुळे तरफ मुठीला टेकते, तरी ब्रेक लागत नाही. काही ब्रेकांत खनिज तेल असते. ते पाणी शोषत नाही. पण आत शिरलेले पाणी तळाशी साचते व शंभर अंशांच्या आसपास उकळते. हे दोन द्रव एकमेकांऐवजी कधीही वापरू नयेत. त्यामुळे रबरी कडी बिघडतात.

यावरून निवडीचे तत्त्व स्पष्ट होते. तरफ, तिचे घर, स्क्रू व तबकडीचा मधला भाग हे केवळ आधार देतात. तेथे अॅल्युमिनियम, टायटॅनियम किंवा कार्बन तंतू वापरून भार कमी करता येतो. घासली जाणारी कडा मात्र उष्णता साठविते व हवेस देते. स्वार जड असेल वा उतार लांब असेल, तर तेथील पोलाद वाचवू नये. द्रव ठरल्या वेळी बदलावा. चढावर वाचविलेल्या थोड्या ग्रॅमांची किंमत उतारावर द्यावी लागू नये, एवढे भान ठेवले म्हणजे हलका ब्रेक हा विश्वासू ब्रेकही ठरतो.