किल्ली कोणाच्या हाती?

आजोबांची रोजमेळाची वही आजही उघडते. तिला कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या संगणकावरील घरखर्चाचा हिशेब मात्र गेल्या वर्षी अडला. सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले आणि स्वतः मांडलेल्या आकड्यांत साधी दुरुस्ती करणेही अशक्य झाले. मजकूर आपला, किल्ली परक्याची!

तेव्हा मुलीने ‘लिब्रे ऑफिस’ बसवून दिले. २०१० मध्ये सुरू झालेला हा मुक्तस्रोत संच विनामूल्य आहे. परंतु त्याहून मोलाची गोष्ट अशी की, त्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, सुधारता आणि वाटता येते. त्यातील ‘ओडीएफ’ हे फाईलचे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यामुळे आपले लेखन एकाच कंपनीशी जखडून राहत नाही. सूचना व मेनूही मराठीत घेता येतात.

अडचणी आल्याच. जुन्या फाईलींतील काही तक्ते विस्कटले. आठवडाभर हात चुकत राहिला. म्हणून वाचकहो, एकदम सारे बदलू नका. प्रथम जुन्या फाईलींची प्रत राखून ठेवा, मग एकच काम नव्या संचात करून पाहा. हिशेब घरचा असेल, तर त्याची किल्लीही घरातच असावी.