हौशी कप्तान आणि आठ आणे

सर्वणला भातकापणी झाली की मोकळ्या शेतात आमचे क्रिकेट सुरू होई. बॅट ज्याची त्याची पहिली पाळी, हा कायदा. माझ्याकडे बॅट नव्हती. त्यामुळे मी चेंडू टाकी, आणि तो बांधापलीकडे गेला तर आणूनही देई. पुढे क्रिकेटच्या इतिहासात ‘हौशी खेळाडू’ हा शब्द वाचला, तेव्हा मला प्रथम आमचा तो बॅटवालाच आठवला!

इंग्लंडात खेळाडूंच्या जणू दोन जाती होत्या. मोबदला न घेता खेळणारा तो हौशी, म्हणजे ‘जंटलमन’. पैसे घेऊन खेळणारा तो व्यावसायिक, नुसता ‘प्लेअर’. छापील धावपत्रिकेत दोघांची नावेसुद्धा वेगळ्या रीतीने देत. हा भेद १९६२ च्या अखेरीस रद्द झाला.

हिंदुस्थानात खेळलेल्या हौशी इंग्रजांत कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हे नाव मोठे. त्यांचा जन्म १८७१ साली महू येथे झाला. ‘जॉन ग्लेनी’ या नावाच्या उच्चारावरून त्यांचे ‘जंगली’ हे टोपणनाव पडले; स्वभाव तसा होता म्हणून नव्हे. मुंबई-पुण्याच्या युरोपियन संघाचे ते आधारस्तंभ. लष्करातून सवड मिळे तेव्हा ते हॅम्पशायरकडून खेळत, आणि १९०१ साली लँकेशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या.

ते खेळाचा पैसा घेत नसत, हे खरे. पण लष्कराचा पगार होता, आणि तो हिंदुस्थानच्या तिजोरीतून येई. हौसेलाही कोणाचा तरी खर्च लागतोच.

शिवाय सरावाला गोलंदाज लागतो. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यावर हे काम पाळवणकर बाळू या तरुणाकडे आले. आपल्या कन्नड विभागातील मित्रांना सांगायला हवे की बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. ते चर्मकार समाजातले. मैदानावर रोलर फिरवावा, जाळी बांधावी, गोऱ्या साहेबांना चेंडू टाकावेत. पगार महिना चार रुपये. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. ग्रेग इतरांच्या आधी येऊन सराव करीत आणि बाद झाले की बाळूंना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला! सरावाची धावपत्रिका नसते, तेव्हा अशा किती अधेल्या मिळाल्या ते कोण सांगणार? पण डावखुऱ्या फिरकीला धार इथेच आली.

याच गोलंदाजीसाठी पुण्याच्या हिंदूंनी बाळूंना संघात घेतले. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले.

ग्रेग १९२१ पासून काही वर्षे हॅम्पशायरचे चिटणीस होते. १९३५ साली त्यांनी कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. १९५८ मध्ये ते वारले. बाळू त्यापूर्वीच, १९५५ साली गेले. हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. १९२३ मध्ये तो मान त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला.